पाठाचे टाचण आणि मुलाचा हक्क



मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर चढले, त्याला गणवेश मिळाला, पाठ्यपुस्तके मिळाली, म्हणजे शिक्षणाचा हक्क पदरात पडला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. शाळेचे दार उघडणे हा त्या हक्काचा पहिला भाग झाला. दारातून आत गेल्यावर वर्गात चाललेला धडा आपल्या मुलापर्यंत पोहोचतो की त्याच्या डोक्यावरून निघून जातो, हा त्या हक्काचा दुसरा व अधिक महत्त्वाचा भाग होय. पहिल्या भागासाठी आपल्या वाडवडिलांनी झगडा केला. दुसऱ्या भागाकडे आपले लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही.

शिक्षक वर्गावर जाण्यापूर्वी एका वहीत उद्याच्या पाठाची आखणी करतात. काय शिकवायचे, कोणती साधने घ्यायची, कोणते प्रश्न विचारायचे, कोणता स्वाध्याय द्यायचा, हे त्यात लिहिलेले असते. त्यास पाठाचे टाचण म्हणतात. ही वही मुख्याध्यापकांनी तपासावी व केंद्रप्रमुखांनी पाहावी, पालकांचा तिच्याशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. एका वकिलाने टाचणवहीवर लेख लिहावा, याचेही तुम्हास नवल वाटेल. परंतु त्या वहीच्या पानावर कोणत्या मुलासाठी जागा आहे व कोणत्या मुलासाठी नाही, यावर पुढे त्या मुलाचे आयुष्य अवलंबून राहते. शिवाय आपल्या कायद्याचा हात त्या पानापर्यंत पोहोचलेला आहे. सबब हा विषय तुमचाही आहे आणि माझाही आहे.

प्रथम वर्गाकडे पाहा. चाळीस मुले एका खोलीत बसतात, परंतु ती एका ठिकाणाहून निघालेली नसतात. एकाच्या घरी आई शिक्षिका आहे. दुसऱ्याच्या घरी अक्षर ओळखणारा तो स्वतःच पहिला आहे. एकाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधले महिने त्याच्या शाळेत खाडा पडतो. एक घरी अहिराणी बोलतो, एक गोंडी बोलतो, आणि पुस्तकाची मराठी त्यांना परक्यासारखी वाटते. एकीला फळ्यावरचे नीट दिसत नाही, पण ते कोणाच्या ध्यानातच आलेले नाही. एकाला अक्षरे उलटसुलट दिसतात व तो वाचताना अडखळतो, जरी त्याची समज इतरांहून तसूभरही कमी नाही. अशा सर्वांना आपल्या भाषेत एकच निर्दय शब्द आहे, तो म्हणजे ‘ढ’. हा एका अक्षराचा शब्द किती मुलांच्या कपाळी कायमचा कोरला गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता एक प्रत्यक्ष पाठ घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. तिसरीचा वर्ग आहे. हातच्याची वजाबाकी शिकवून झाली आहे. गुरुजी तोंडी उदाहरण सांगतात, ‘त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करा.’ बरोबर उत्तर पस्तीस. काही मुले पस्तीस लिहितात. काही पंचेचाळीस लिहितात. एक मुलगी आठ लिहिते. एक मुलगा पाटी कोरी ठेवतो. शिक्षक चुकलेल्या पाट्यांवर फुल्या मारतात, फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा सोडवतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. सर्वांना सारखेच शिकवले, पक्षपात केला नाही, असे समाधानही त्यांना वाटते.

परंतु त्या पाट्या नीट वाचा. पंचेचाळीस लिहिणारी मुले एका कारणाने चुकलेली नाहीत. त्यांतल्या एकाने तीनातून आठ जात नाहीत हे पाहून उलट आठातून तीन वजा केले. एककाच्या घरात पाच आले. मग सहातून दोन गेले, चार राहिले. उत्तर ४५. दुसऱ्याने हातचा बरोबर घेतला, तेरातून आठ वजा करून पाच लिहिले, परंतु दशकाच्या घरातला एक कमी करावयास तो विसरला. त्याचेही उत्तर ४५ च आले. चूक एकच दिसते, पण पहिल्याला हातचा म्हणजे काय हेच उमगलेले नाही आणि दुसऱ्याला ते उमगून केवळ नोंद करण्याचे राहिले आहे. दोघांना एकच औषध कसे चालेल?

आणि ती आठ लिहिणारी मुलगी? तिने ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिले. मराठीत दोन अंकी संख्येच्या नावात एकक आधी उच्चारले जाते व दशक नंतर. लिहिताना मात्र क्रम उलटा असतो. पुष्कळ मुले येथे फसतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. असो. ३६ मधून २८ वजा केल्यास आठच उरतात. म्हणजे त्या मुलीची वजाबाकी हातच्यासह बिनचूक आहे! चूक आहे ती संख्या लिहिण्याची. तिच्या पाटीवर फुली मारून तिला पुन्हा हातचा शिकवणे हा तिच्या वेळेचा अपव्यय आहे आणि तिच्या बुद्धीचा अपमानही आहे. कोरी पाटी ठेवणारा मुलगा तर याहून निराळा. कदाचित त्याला ६३ म्हणजे सहा दशक व तीन एकक हेच ठाऊक नसेल. कदाचित चुकल्यास मार बसेल या भयाने त्याने हात आखडला असेल.

जो शिक्षक ‘हे कसे केलेस, मला सांग’ एवढा एक प्रश्न प्रत्येकाला विचारतो, त्याला ही चार मुले चार ठिकाणी उभी असलेली दिसतात. मग त्याचे दुसऱ्या दिवसाचे टाचण निराळे होते. ते असे असू शकेल. पाठाचे ध्येय सर्वांना एकच: दशक मोडून सुटे करणे व वजाबाकी करणे. पहिली दहा मिनिटे सगळा वर्ग एकत्र. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी आहेत. दुकानदाराला अठ्ठावीस रुपये मोजून द्यायचे आहेत. काय करावे लागेल? दुकानात मीठ-साखर आणावयास गेलेले प्रत्येक मूल सांगेल की दहाची एक नोट मोडावी लागेल. हातच्याचे सारे मर्म त्या मोडीत आहे. येथे ऊसतोड मजुराचा मुलगा सावकाराच्या मुलाच्या पुढेही जाऊ शकतो, कारण सुट्या पैशांचा व्यवहार त्याला अधिक ठाऊक असतो.

पुढची वीस मिनिटे तीन प्रकारचे काम. ज्यांना दशक-एकक उमगलेले नाही ती मुले दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या घेऊन बसतील, गठ्ठा सोडतील, मोजतील. शिक्षक बहुतेक वेळ त्यांच्याजवळ बसतील. ऐकलेली संख्या उलट लिहिणारी मुलगी त्यांच्यातच एका जोडीदारासह संख्या ऐकून काड्यांनी मांडील व मग लिहील. ज्यांची नोंद चुकते ती मुले आपले उत्तर बेरजेने पडताळतील: ४५ आणि २८ मिळून ७३ होतात, ६३ होत नाहीत, तेव्हा चूक कोठे झाली ते आपल्या हाताने शोधा. ज्यांना सारे येते ती मुले ६०३ मधून २८ वजा करतील, जेथे दशकाच्या घरात शून्य आहे व शेजारी उसने मागावयास काहीच नाही. किंवा स्वतः उदाहरणे रचतील. शेवटची दहा मिनिटे पुन्हा सगळे एकत्र. प्रत्येक गट आपण काय केले ते सांगेल आणि प्रत्येक मूल पाटीवर एक शेवटचे उदाहरण सोडवील. त्या पाट्या पाहून शिक्षक टाचणाच्या समासात चार नावे लिहितील: उद्या कोण कोठे.

यासाठी कोणते यंत्र लागले? कोणता निधी लागला? काड्या, रबरी कड्या, पाट्या आणि आदल्या दिवशीचा थोडा विचार. विचार करण्यास मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ कायद्याने गृहीत धरलेला आहे. त्याकडे मी पुढे येतो.

याच पाठात अपंग मुलालाही जागा आहे. ज्याला कमी दिसते त्याला काड्या हाताने चाचपता येतात. त्याला पुढे बसवावे, फळ्यावरचे अक्षर मोठे काढावे. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलता मुलांकडे तोंड करून बोलावे आणि उदाहरण तोंडी सांगण्याबरोबर लिहूनही द्यावे. ज्याला लिहिण्यास उशीर लागतो त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. यांतील प्रत्येक गोष्ट एका मुलासाठी केली तरी तिचा लाभ दहा मुलांना होतो. उदाहरण लिहून दिले असते तर त्रेसष्टाचे छत्तीस करणारी मुलगीही त्या दिवशी फसली नसती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम २१-क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो अमलात आणणारा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे, हे सर्वांना पाठ असते. त्याच्या लगतचे कर्तव्य मात्र क्वचितच कोणी वाचतो. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखणे आणि तदनुसार आवश्यक ते जादा अध्यापन पुरवणे, असे ते कर्तव्य आहे. प्रत्येक बालकाची! ‘वर्गाची’ असा शब्द तेथे नाही. त्याच कलमात पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्याची प्रगती पालकांना सांगणे हेही कर्तव्य म्हणून लिहिले आहे.

कलम २९ म्हणते की अभ्यासक्रम व मूल्यमापन मुलाच्या क्षमतांचा पूर्ण विकास साधणारे असावे, कृतीतून व शोधातून शिकविणारे असावे, शक्य तेथवर मातृभाषेतून असावे आणि मुलाला भय व चिंतेपासून मुक्त करणारे असावे. कलम १७ शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. चारचौघांत मुलाला ‘ढ’ म्हणून हिणवत राहणे हा मानसिक छळ होत नाही, असे कोणी म्हणेल काय? कलम ८ व ९ शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर अशी जबाबदारी टाकतात की वंचित गटातील बालकाविरुद्ध भेदभाव होऊ नये व कोणत्याही कारणाने त्याचे प्राथमिक शिक्षण अडू नये. आणि अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास पंचेचाळीस सांगताना पाठाच्या पूर्वतयारीचे तास त्यांत धरले आहेत. म्हणजे टाचण करणे हे शिक्षकांनी फावल्या वेळात करावयाचे उपकाराचे काम नसून त्यांच्या पगारी कामाचा भाग आहे.

अपंग मुलांसाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे शासकीय अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना इतर मुलांबरोबर शिकवावे, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरवाव्यात आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तिच्यावर अध्यापनाचे योग्य उपाय योजावेत. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला आळशी म्हणून बडविण्याचे दिवस कायद्याने संपलेले आहेत. ते वर्गातही संपावेत, हे पाहणे आपल्या हाती आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आपल्या समाजातील विचारी माणसेही घेतात. ते म्हणतात, ‘आम्ही समतेसाठी लढलो. सर्व मुलांना एकच धडा, एकच पुस्तक, एकच परीक्षा, हीच समता. मुलामुलांत भेद कशाला?’ आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी भाषा बोलणारी मुले होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि शिकवणे इंग्रजीत चाले. शाळांचे म्हणणे असे की आम्ही सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम देतो. न्यायालयाने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे सांगितले की, ज्याला शिकवण्याची भाषाच समजत नाही त्याला तेच पुस्तक देणे ही समान वागणूक होत नाही. आपल्या संविधानाचे कलम १४ देखील विषम स्थितीतील माणसांना डोळे मिटून सारखे वागवा असे सांगत नाही. राखीव जागांचे समर्थन आपण ज्या न्यायाने करतो, तोच न्याय पाठाच्या टाचणास लागू आहे.

परंतु दुसऱ्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, आणि तो आपणास इतर कोणाहूनही अधिक कळला पाहिजे. बाबासाहेबांना बालपणी शाळेत इतर मुलांपासून अलग, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. ते गोणपाट गेले. परंतु ‘कच्च्या मुलांचा गट’ या नावाखाली तेच गोणपाट पुन्हा अंथरले जाऊ शकते! एकदा गट पाडले, काही मुले मागच्या बाकावर बसवली, त्यांना वर्षभर सोपीच कामे दिली, आणि गटाची यादी व जातीची यादी जुळू लागली, तर नाव बदलून जुनी वस्तू परत आली असे समजावे. ही कल्पनेतली भीती नव्हे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील शाळांत क्षमतेप्रमाणे मुलांच्या कायम तुकड्या पाडण्याची पद्धत होती. १९६७ साली हॉब्सन विरुद्ध हॅन्सन या खटल्यात न्यायमूर्ती जे. स्केली राइट यांनी ती मोडून काढली. खालच्या तुकड्यांत गरीब व काळ्या मुलांचीच भरती होती, ज्या चाचण्यांवरून ती केली जाई त्या मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवरून बेतलेल्या होत्या, आणि खालच्या तुकडीतून वर येणारे मूल विरळा होते.

मग गट करावेत की करू नयेत? येथे वकिलाच्या पेटीतील एक हत्यार तुमच्या उपयोगी पडेल. १९५२ सालच्या पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या खटल्यापासून आपली न्यायालये वर्गीकरणास दोन कसोट्या लावीत आली आहेत. पहिली, ज्या फरकावरून माणसांची वर्गवारी केली तो फरक स्पष्ट व समजण्याजोगा असला पाहिजे. दुसरी, त्या फरकाचा साधावयाच्या हेतूशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे. ह्याच कसोट्या वर्गातील गटाला लावा. ‘हा मुलगा कच्चा आहे’ हा स्पष्ट फरक नव्हे. ‘या मुलाला आज दशक मोडता येत नाही’ हा स्पष्ट फरक आहे. दशक मोडावयास शिकवण्यासाठी त्याला काड्यांच्या गटात बसवले तर हेतूशी संबंध जुळला. पण त्याच कारणाने त्याला मराठीच्या तासाला, चित्रकलेच्या तासाला वा जेवणाच्या पंगतीला वेगळे बसवले, तर तो संबंध तुटला. ज्या दिवशी त्याला दशक मोडता आले, त्या दिवशी त्या गटाचे कारण संपले. गट हे धर्मशाळेसारखे असावेत. मुक्काम करावा, पुढे निघावे. तेथे कोणाचे घर होता कामा नये.

मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे घटकाभर बाजूला ठेवून त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचता येते हे एका सोप्या चाचणीने पाहावयाचे, दिवसातील ठराविक वेळ त्या पातळीप्रमाणे शिकवावयाचे, आणि ठराविक काळाने पुन्हा चाचणी घेऊन मुलांना पुढे सरकवावयाचे, अशी ती रीत. अभिजित बॅनर्जी व एस्थर डफलो या अर्थशास्त्रज्ञांनी तिची अनेक वर्षे कसून परीक्षा केली व ती फलदायी ठरली. त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीचे यश तिच्या तिसऱ्या पायरीत आहे. पुन्हा चाचणी घेतली नाही तर गट गोठतात आणि गोठलेल्या गटाची जात बनते.

आपण ज्या शास्त्याचा मार्ग पत्करला, त्याच्या परंपरेत या विषयाचा एक धडा आहे, तो घरोघरी सांगितला जावा. चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान होता. त्याने धाकट्याला चार ओळींची एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी ती त्याला येईना. पुढची ओळ घोकली की मागची विसरे. भावाने त्यास विहार सोडून जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या चुल्लपंथकाला बुद्धांनी थांबवले, त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले, मळ झाडणे अशा अर्थाचा एक शब्द मनात म्हणत ते चोळत बसावयास सांगितले. वस्त्र हाताच्या मळाने मळले. ते पाहता पाहता अनित्यता म्हणजे काय हे त्याला उमगले, आणि तो अर्हत झाला, असे अट्ठकथा सांगतात. यातून काय दिसते? ध्येय बदलले नाही. जे इतर भिक्खूंना मिळवावयाचे होते तेच त्यालाही मिळवावयाचे होते. साधन तेवढे बदलले. गाथेऐवजी वस्त्र आले. महापंथकाने शिष्याची परीक्षा केली. बुद्धांनी आपल्या शिकवण्याची केली.

आता शिक्षकांची बाजू ऐकू. ती न ऐकता न्याय करणे आपणास शोभणार नाही. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावातील एका शिक्षकाच्या वाट्याला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता येतात. वर माहिती भरणे, अहवाल धाडणे, बैठकांना जाणे आहेच. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपता येत नाही. तरीही ती जुंपणी चालते अशी त्यांची रास्त तक्रार आहे. तेव्हा शिक्षक आपला प्रतिपक्ष आहे असे समजून शाळेत जाऊ नका. शिक्षकांची रिक्त पदे भरा, त्यांच्यावरचे उपरे काम काढा, त्यांना तयारीस वेळ द्या, ही मागणी शिक्षकांची आहे तितकीच ती आपल्या मुलांची आहे. पण एवढे मान्य करून एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ज्या शिक्षकापुढे तीन इयत्ता बसल्या आहेत, त्याला तर निरनिराळ्या पातळ्यांचे टाचण केल्यावाचून गत्यंतरच नाही. अडचणी आहेत म्हणून आखणी नको, असे म्हणता येत नाही. अडचणी आहेत म्हणूनच ती हवी.

मग तुम्ही काय करावे? पहिली गोष्ट, पालक सभेस जा. रोज बुडेल हे मला कळते. पण आई-बापांपैकी एकाने तरी जावे. तेथे ‘किती मार्क पडले?’ एवढेच विचारून परतू नका. ‘माझ्या मुलीला काय येते, कोठे अडते, आणि ते येण्यासाठी या महिन्यात आपण काय करणार आहात?’ हे विचारा. उत्तर देणे हे शिक्षकांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि चांगल्या शिक्षकांना या प्रश्नाचा आनंदच होईल. तुम्हास स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार तिळमात्र कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीकडे लक्ष द्या. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत ती असते. कलम २१ प्रमाणे तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा असते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे व शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम. त्या जागांवर आपली माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, सही करण्यापुरत्या बसू नयेत. गट किती काळ टिकतात, कोणती मुले वर्षानुवर्षे एकाच गटात आहेत, पाचवी-आठवीच्या परीक्षेत राहिलेल्या मुलांना काय मिळाले, हे प्रश्न त्यांनी बैठकीत मांडावेत व इतिवृत्तात लिहून घ्यावेत. २०१९ च्या दुरुस्तीने या दोन इयत्तांत परीक्षा घेण्याची व मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आहे. परंतु त्याआधी त्याला जादा अध्यापन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, अशी अट त्याच दुरुस्तीत आहे. अट पाळली गेली की नाही हे पाहणारे कोणी नसेल, तर मागे ठेवलेले मूल थेट मजुरीवर जाईल.

तिसरी गोष्ट, बोलून काम न झाल्यास लिहून द्या. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे अथवा नगरपालिका-महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय सर्वांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत व्हावयास हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्ज साधा असावा: मुलाची इयत्ता, अडचण, केव्हा कोणास सांगितले, काय उत्तर मिळाले, काय हवे. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. व्यक्तीवर राग काढू नये. कर्तव्यावर बोट ठेवावे.

चौथी गोष्ट घरची आहे. मुलाला दिसत नाही की ऐकू येत नाही, की वाचताना अक्षरे नाचतात, हे प्रथम घरीच ध्यानात येते. ते लपवू नका. त्यात लाज कसली? शाळेत सांगा, शासकीय रुग्णालयात तपासून घ्या, आवश्यक तेथे दाखला घ्या. आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाला टोचू नका. ज्या शब्दाची शाळेत बंदी मागावयाची तो शब्द घरात उच्चारला गेला, तर आपली मागणी पोकळ ठरते.

पाचवी गोष्ट समाजाची. वस्तीतील विहार संध्याकाळी रिकामा असतो. आपल्यातील शिकलेली मुले-मुली आठवड्यातून तीन संध्याकाळी तेथे बसली, लहान मुलांना काड्यांनी मोजावयास आणि गोष्टी वाचावयास शिकवू लागली, तर वर्गात मागे राहिलेल्यास आधार मिळेल. शाळेला पर्याय म्हणून हे करू नये, शाळेवरचा हक्क आपण सोडलेला नाही. पण ज्या मुलाचे तीन महिने ऊसतोडीत गेले, त्याला कायदा पोहोचेपर्यंत वाट पाहावयास लावू नये.

बंधुभगिनींनो, मंदबुद्धी म्हणून आपल्या कित्येक पिढ्यांना शाळेबाहेर ठेवले गेले. त्या आरोपाचे खंडन काही थोर विद्वानांच्या पदव्यांनी झाले आहे. पण त्याचे पुरते खंडन व्हावयाचे असेल तर वर्गातील शेवटच्या बाकावरचे मूलही शिकले पाहिजे. आपल्यातील हुशार चार मुले पुढे गेली आणि उरलेली छत्तीस मागे पडली, तर आपण नवी उतरंड रचली असे होईल. येत्या पालक सभेला जा, आणि आपल्या मुलाचे नाव उद्याच्या टाचणात कोठे आहे ते विचारा.

जय भीम!